दुसरी बाजू न ऐकता

त्या प्राध्यापकांचा मला अजून राग येतो. पन्नास वर्षं झाली, तरी येतो.

मी तेव्हा मुलींच्या शाळेत इंग्रजी शिकवायचे. रेल्वे लाइन्समधल्या एका अँग्लो-इंडियन गार्डच्या मुलीला संध्याकाळी मराठी शिकवायला जायचे. ते कुटुंब सोलापूर सोडून ऑस्ट्रेलियाला निघालं, तेव्हा गार्डच्या बायकोने आपला रेकॉर्ड प्लेअर आणि काही तबकड्या मला देऊन टाकल्या. त्यांत एका इंग्रज गायकाची तबकडी होती. तरुणपणी हा गिटार घेऊन लोकांना नाचवायचा. त्याच्या चाली आपल्याकडचे वरातीतले बँडवालेसुद्धा वाजवायचे. ही तबकडी मात्र त्याने चाळिशीला टेकल्यावर केलेली, फारशी न खपलेली. मी एकदा लावली आणि पाच मिनिटांत काढली. नाचच नव्हता त्यात.

पुढे दुष्काळाच्या वर्षी पाण्यावाचून शाळा लवकर सुटायला लागली. एका दुपारी ती पुन्हा लावली आणि उठलेच नाही. आवाज जाड झाला होता, वरचा सूर लागत नव्हता, आणि ते तो लपवतही नव्हता. दुसऱ्या बाजूच्या शेवटच्या गाण्यात तर फक्त पियानो आणि तो. वडील मिलमधून नुकते येऊन भिंतीला टेकले होते. त्यांना इंग्रजीचा गंध नाही. गाणं संपल्यावर त्यांनी विचारलं, "ह्याचं कोन गेलंय व्हय गं?"

गाणं त्याच्या मेलेल्या भावावर होतं.

गावात पाश्चात्य संगीत ऐकणाऱ्यांचं एक मंडळ होतं. रविवारी सकाळी वाचनालयाच्या हॉलमध्ये जमायचं. हे प्राध्यापक तिथे या गायकावर बोलणार होते. त्यांनी माझ्याकडे तबकडी मागितली, मी हौसेने दिली. पंधरा दिवस त्यांच्याकडे होती.

व्याख्यानात ते म्हणाले, हा माणूस संपला, ही तबकडी म्हणजे निव्वळ गोंगाट. मी विचारलं, "सर, शेवटचं गाणं कसं वाटलं?"

"तेच हो. ढोल बडवून म्हातारपण झाकायचं."

"त्या गाण्यात ढोल नाहीच, सर."

लोक हसले. त्यांनी चष्मा पुसला. "बाई, तुम्ही शाळेत शिकवता ना? इथे जरा संगीताविषयी चाललंय."

मी पुढे गेले, टेबलावरची तबकडी उचलली आणि दुसरी बाजू लावली. अध्यक्ष म्हणाले, "चहा निवतोय, मंडळी." निम्मे उठून गेले. उरलेल्यांनी शेवटपर्यंत ऐकलं. पियानो थांबल्यावर प्राध्यापक म्हणाले, "असतो एखादा अपवाद." चुकलं, असं नाही म्हणाले. तबकडी ऐकलीच नव्हती, हे तर नाहीच.

दोन दिवसांनी स्थानिक पेपरात 'अभ्यासपूर्ण व्याख्यान' म्हणून बातमी आली. ढोलाचं वाक्य जसंच्या तसं. मी खुलासा लिहून स्वतः कचेरीत नेऊन दिला. संपादकांनी वरवर वाचला आणि म्हणाले, "गावात प्यायला पाणी नाही, आणि तुम्ही परदेशी गाण्यातल्या ढोलावरून भांडताय?"

घरी येईपर्यंत वाटेत मला दहा उत्तरं सुचली. पाणी नाही म्हणून खोटं छापायचं का? छापायला जागा होती, मग दुरुस्तीलाच कशी नव्हती?

मंडळात मी पुन्हा पाऊल टाकलं नाही. वडिलांना सगळं सांगितलं, तेव्हा ते भाकरी मोडत होते.

"तू समद्यांम्होरं बोललीस न्हवं? मग झालं की."

"काही झालं नाही," मी म्हणाले. "पेपरात त्यांचंच राहिलं."

त्यांनी मोडलेला तुकडा परत ताटात ठेवला. मग म्हणाले, "एवढा शिकलेला मानूस. ऐकायला काय झालं हुतं त्याला?"