फॉर्ममधला अकरावा प्रश्न

पहिल्या चित्रात उजवा डोळाच नव्हता.

एमआरआय सुरू करताना आधी काही सेकंदांची एक झटपट पाहणी होते. पेशंटचं डोकं नीट मध्यभागी आहे ना, एवढंच त्यात बघायचं. मिस्टर एलींचं डोकं मध्यभागी होतं. नाक होतं, मेंदू होता, डावा डोळा होता. उजव्या डोळ्याच्या जागी लिंबाएवढा काळा खड्डा होता आणि त्याच्या कडा वेड्यावाकड्या ओढल्या गेल्या होत्या.

डोळ्यापाशी असा खड्डा दिसला की पहिला संशय लोखंडाचा घ्यायचा. माझा हात स्कॅन थांबवायच्या बटणावर गेला आणि तिथेच राहिला.

एमआरआयचं मशीन म्हणजे एक प्रचंड लोहचुंबक. स्कॅन थांबवता येतो, पण चुंबक दिवसरात्र चालूच असतो. डोळ्यात लोखंडाचा तिळाएवढा कण असला, तरी चुंबक त्याला आतल्या आत फिरवू शकतो. मग रक्तस्राव होतो, आणि नजर गेली की गेली. म्हणून तर आधी फॉर्म भरायचा असतो. त्यातला अकरावा प्रश्न: तुम्ही कधी वेल्डिंग किंवा ग्राइंडिंगचं काम केलं आहे का? डोळ्यात कधी धातूचा कण गेला आहे का?

मी फॉर्म उचलला. अकराव्या प्रश्नापुढे ‘नाही’वर टिक होती. खाली पेशंटची सही होती. टिक माझी होती.

मी मूळची लातूरची. कुवेतमधल्या फहाहीलच्या एका डायग्नॉस्टिक सेंटरमध्ये सोळा वर्षं एमआरआय टेक्नॉलॉजिस्ट आहे. मिस्टर एली अमेरिकेतले शेतकरी, वय एकाहत्तर. आमिश लोकांसारखाच साध्या राहणीचा एक ख्रिस्ती पंथ आहे, त्यातले. त्यांचा मुलगा पंथ सोडून शिकला, इंजिनिअर झाला आणि इथे नोकरीला आला. नातू झाला म्हणून आईवडील बघायला आले होते. आठवडाभर एलींना चक्कर येत होती, म्हणून डॉक्टरांनी मेंदूचा एमआरआय सांगितला होता.

अपॉइंटमेंटच्या आदल्या दिवशी मुलानं फोन करून सगळी कल्पना दिली होती. मी घरी येऊन त्यांच्यावरचे तीन व्हिडिओ पाहिले. घोडागाडी, कंदील, नांगर. माझी मुलगी शेजारी बसून म्हणाली, “आई, दे डोन्ट ईव्हन यूज झिप्स!” तीन व्हिडिओंत मी त्या पंथाची जाणकार झाले.

सकाळी दोघं आले तेव्हा अख्खी वेटिंग रूम बघत राहिली. एलींना लांब दाढी, पण मिशी नाही. डावा डोळा पांढरट पडलेला. बायको रूथ पायघोळ साध्या झग्यात, डोक्यावर पांढरी टोपी. एक कुवेती गृहस्थ त्यांना कोणी धार्मिक मौलवी समजून उठले आणि “तफद्दल, या हज्जी”, म्हणजे बसा हाजीसाहेब, म्हणत त्यांनी आपली खुर्ची दिली. एली थँक यू म्हणून बसले. मला हसू आलं. बाहेरच्यांना काही कळत नाही, असं मी मनात म्हटलं.

त्यांच्या हातात घड्याळ नव्हतं, अंगठी नव्हती, खिशात मोबाइल नव्हता. गाऊन घातल्यावर लॉकरमध्ये ठेवायला कपडे आणि हॅट, बस्स. धातूच्या बाबतीत इतका स्वच्छ पेशंट मी पाहिला नव्हता. पेसमेकर, ऑपरेशन, दातांचं काम, हे मी विचारलं. अकराव्या प्रश्नाशी आले आणि वाटलं, घोड्यांनी शेती करणाऱ्या माणसाला ग्राइंडिंगचं काय विचारायचं? टिक केली आणि फॉर्म सहीसाठी पुढे सरकवला.

आता काचेपलीकडे तोच माणूस चुंबकाच्या बोगद्यात आडवा होता. मी इंटरकॉम दाबला.

“मिस्टर एली, डोळे मिटून ठेवा. मान हलवू नका. बुबुळंसुद्धा फिरवू नका.”

“काही बिघडलं का?”

“तुम्ही कधी लोखंड घासायचं काम केलंय?”

“चाळीस वर्षं. नाल, फाळ, कुऱ्हाडी. आसपासची सगळी हत्यारं धार लावायला माझ्याकडेच यायची.”

“पण तुम्ही लोक तर मशीन वापरत नाही!”

“आम्ही घरात वीज घेत नाही, बाई. डिझेल इंजिन चालतं. माझा ग्राइंडर त्याच्यावरच होता.”

“डोळ्यात कधी काही गेलं होतं?”

“पुष्कळदा. रूथ काढायची. एकदा एक कण सापडलाच नाही. दुखायचं थांबलं, मग सोडून दिलं.”

“कुठल्या डोळ्यात?”

“उजव्या. डावा तर लहानपणीच गेला. घोड्यानं लाथ मारली.”

त्यांना एकाच डोळ्यानं दिसत होतं, आणि तोच मी चुंबकात घातला होता.

मी आमचे रेडिऑलॉजिस्ट डॉ. हुसाम यांना बोलावलं. ते इजिप्तचे, एरवी गप्पिष्ट. त्यांनी स्क्रीन पाहिली, फॉर्म पाहिला.

“त्यांनी नाही म्हटलं?”

“मी विचारलंच नाही, डॉक्टर.”

त्यांनी फॉर्म खाली ठेवला. “ते नंतर. आधी बाहेर काढू.”

पण खरी भीती बाहेर काढण्याचीच होती. पेशंट आत स्थिर असतो तोवर कण सहसा फारसा हलत नाही. सगळ्यात जास्त ओढ बसते ती बोगद्याच्या तोंडाशी. तिथून एलींना मी आत नेलं होतं, नेहमीच्या वेगानं. आता त्याच तोंडातून पुन्हा यायचं होतं.

आम्ही टेबलाची मोटर सोडवली आणि ते हातानं ओढू लागलो. “शुवय्या, शुवय्या,” डॉ. हुसाम म्हणत होते, हळू, हळू. वीतभर ओढायचं, थांबायचं, डोळ्यात दुखतंय का विचारायचं. एली ओठ न हलवता “नो” म्हणायचे. तोंडापाशी आलो. टेबलाला कंप जाईल म्हणून मी दोन्ही कोपर बरगड्यांना घट्ट दाबून धरले. कुठल्याच देवाचं नाव सुचेना. एलींच्या मिटलेल्या पापणीकडे बघत मी फक्त आकडे मोजत होते.

बाहेरच्या खोलीत नेऊन आम्ही त्यांना डोळा उघडायला सांगितलं. त्यांनी उघडला. तो लाल नव्हता.

“काय दिसतं?” डॉ. हुसामनी विचारलं.

एलींनी माझ्याकडे पाहिलं. “ही बाई दिसते. हिला खुर्ची द्या, पडेल ही.”

मला रडू कोसळलं. सोळा वर्षांत पेशंटसमोर मी पहिल्यांदा रडले.

सीटी स्कॅनमध्ये कण सापडला. बुबुळाच्या बाजूला, जुन्या जखमेच्या वणात घट्ट रुतलेला. डोळ्यांच्या सर्जननी तपासलं आणि सांगितलं, हललेला दिसत नाही, हात लावू नका. चक्कर रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे येत होती.

संध्याकाळी सेंटरच्या मॅनेजरनी मला केबिनमध्ये बोलावलं. “रिपोर्टमध्ये लिहा, पेशंटनं माहिती दिली नाही. सही तर त्यांचीच आहे.” ते म्हणाले, “घाबरू नका. असे लोक कोर्टात जात नाहीत. मी वाचलंय.”

यांचेही तीन व्हिडिओ पाहून झाले होते तर!

खोटं कशाला सांगू, मी ते वाक्य लिहायला घेतलं होतं. नोकरी गेली तर इकामा जातो, म्हणजे या देशात राहायचा परवाना. मुलगी बारावीत. ‘पेशंटनं’ एवढा शब्द लिहून झाला होता. मग तो खोडला आणि लिहिलं, प्रश्न विचारला नाही, उत्तर मी स्वतः भरलं. मला वॉर्निंग लेटर मिळालं आणि तीन महिने एक्सरेच्या खोलीत बसवलं. स्वस्तात सुटले म्हणायचं.

दोन दिवसांनी एली आणि रूथ सीटीची सीडी घ्यायला आले. मी त्यांना सगळं सांगितलं, टिकसुद्धा. एलींनी मान हलवली आणि माझा हात हातात घेऊन म्हणाले, “दिसतंय ना मला, झालं तर.” रूथ मात्र वेगळंच बोलली.

“इथे आल्यापासून जो तो आम्हांला विचारतो. दिवे नाहीत का, टीव्ही नाही का, विमानात कसे बसलात? फक्त तुम्ही काहीच विचारलं नाहीत. मी यांना म्हटलं होतं, किती सभ्य बाई आहे.”

त्यापेक्षा मॅनेजरांचं लेटर बरं होतं.

आता मी अकराही प्रश्न मोठ्यानं वाचते. गेल्या आठवड्यात एक कुवेती आजी आल्या होत्या, ऐंशीच्या पुढच्या, व्हीलचेअरवर. अकरावा प्रश्न अरबीत विचारल्यावर त्यांची लेक हसायला लागली. “आईला ग्राइंडिंग? काहीतरीच! लिहा नाही.”

मी पेन वर धरून आजींकडे बघत राहिले. आजींनी चांगला वेळ घेतला. मग म्हणाल्या, “ला.” नाही.

तेव्हा टिक केली.