पाटावरचं मेमरी कार्ड

दिवाळीच्या पाडव्याला आईने माझ्या कॅमेऱ्याचं मेमरी कार्ड पाटावर मांडून त्याची पूजा केली. आधी दुधाने धुतलं, मग पाण्याने. पदराने पुसलं, हळदकुंकू लावलं, ओवाळलं आणि जिथून काढलं होतं तिथं परत बसवून दिलं. मी त्या वेळी गल्लीच्या तोंडाशी टँकरच्या रांगेत हंडा धरून भांडत होते. भांडण जिंकून, पाणी घेऊन घरी आले तर कॅमेऱ्यावर पिवळी बोटं उमटलेली.

कॅमेरा चालू केला. कार्ड वाचता येत नाही, सगळं पुसून नव्याने तयार करू का, असं तो विचारायला लागला. मी घाबरून तो बंद केला आणि आईवर ओरडले, "अगं, तो काय देवाचा टाक आहे का, दुधाने धुवायला?"

"टाकच की," आई म्हणाली. "तूच म्हणली व्हतीस ना, समदी मेंढरं ह्यातच हायेत म्हणून?"

म्हणाले होते खरी. आमच्या देव्हाऱ्यात चांदीचे टाक आहेत, बोटभर पत्र्यावर उठवलेले देव. सणावाराला त्यांना दुधाने न्हाऊ घालायचं आणि हळदकुंकू वाहायचं, हे आईने जन्मभर केलेलं. पाडव्याला धनगराच्या घरी मेंढरं रंगवतात, त्यांना ओवाळतात, हेही तिने जन्मभर केलेलं. त्या पाडव्याला दारात मेंढरू नव्हतं, म्हणून मेंढरं जिथं होती तिथं तिने ओवाळलं. राग करायला मला जागाच ठेवली नाही तिने. तरी मी केलाच, माझा स्वभाव तसा आहे.

मेंढरं त्याच उन्हाळ्यात विकली होती. वैजापूरकडचं आमचं गाव पाठोपाठच्या दुष्काळांनी पार वाळून गेलं होतं. चारा नव्हता, पाणी तर माणसांनाच नव्हतं. आई म्हणायची, अजून एक पावसाळा कळ काढू, लांबच्या मुलखात जाऊ, पूर्वी गेलोच होतो की. आबांनी ऐकलं नाही. व्यापारी बोलावला, सौदा केला. मी तेव्हा शहरात नोकरीला लागले होते आणि जुनाच, पण माझा स्वतःचा कॅमेरा घेतला होता. आईने मला गावी बोलावून घेतलं आणि सांगितलं, "एकेकीचं तोंड काढून ठेव." परक्याला सगळी मेंढरं सारखीच दिसतात. आईला कानतुटी वेगळी, काळतोंडी वेगळी आणि कळपाच्या पुढे चालणारी म्हातारी तर सगळ्यांत वेगळी.

ट्रक आला तेव्हा आई घरात गेली आणि तिने दार लावून घेतलं. मी बाहेर फोटो काढत राहिले. ट्रकच्या मागच्या बाजूला गेले तर आबा म्हातारीच्या मानेत तोंड खुपसून रडत होते. बोट आधी दाबलं गेलं, मग कळलं आपण काय काढलं ते. आबांनी वर पाहिलं. "पूस ते," म्हणाले. "माझ्याम्होरं पूस. आन् तुझ्या आईला बोलायचं नाय." मी पुसलं. आईलाही काही बोलले नाही. बापाच्या रडण्याची चहाडी करायला जीभ वळत नाही.

पुढे आम्ही तिघं शहरात, हर्सूलला भाड्याच्या दोन खोल्यांत राहायला आलो. आबा एका नव्या बिल्डिंगवर वॉचमन झाले. आईने मात्र त्यांच्याशी बोलणं सोडलं होतं. "दगडाचं काळीज हाय त्यांचं," मला म्हणायची, "मागं वळून बगितलं नाय." आबा समोर भिंतीला टेकून बसलेले असायचे आणि ती मला सांगायची, "तुझ्या आबांना सांग, भाकर झालीय." आबा मला सांगायचे, "म्हणावं, भूक नाय." एकदा मी भडकले, मी काय पोस्टमन आहे का म्हणून. दोघांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू माझंच काहीतरी बिनसलंय. तेवढ्या एका बाबतीत त्यांचं एकमत होतं.

तर ते कार्ड. कॅमेरा दुरुस्तीचं एक दुकान शहागंजच्या बाजूला होतं, तिथं मी निघाले. आई म्हणाली, मेंढरं माझी, मी येणार. आबांना कुणी बोलावलं नव्हतं, तेही चपला घालून निघाले. का ते मला तेव्हा कळलं नाही.

दुकानदार पांढऱ्या दाढीचे, भारी बोलघेवडे. कार्डाच्या फटीतली हळद बघून म्हणाले, "इसको हल्दी किसने लगाई? शादी है क्या इसकी?"

"पाडवा व्हता, चाचा," आई म्हणाली. "मेंढरं हायेत त्यात."

ते हसायला लागले आणि आईचा चेहरा बघून थांबले. कापसाला स्पिरिट लावून त्यांनी कार्ड पुसलं, कॉम्प्युटरला जोडलं. कार्ड उघडलं, पण आत काहीच नव्हतं. आईने माझा हात धरला. तिची पकड मला आजही मनगटाला जाणवते. ती मेंढरं दुसऱ्यांदा जात होती आणि या वेळी तिच्याच हातून.

"सबर करो," दुकानदार म्हणाले आणि त्यांनी दुसरं काहीतरी सुरू केलं. पडद्यावर एक पट्टी गोगलगायीसारखी सरकायला लागली. "मिटवलेलंबी येतंय ह्यात, बेटी. पुसलं म्हणजे जात नाय. ही जागा रिकामी, एवढंच लिहून ठेवतंय ते. वर नवीन फोटो बसला तर मग गेलं. नाय तर जुना हाय तिथंच ऱ्हातो."

आबा ताडकन उठले. "चला, लई येळ झाला. माझी ड्युटी हाय."

"सांग त्यांना," आई पडद्यावरची नजर न काढता मला म्हणाली, "जायचं तर जा म्हणावं."

आबा गेले नाहीत. दाराशी पाठमोरे उभे राहिले. त्यांच्या पाठीकडे बघताना मला त्यांची बिल्डिंग आठवली. तिथं पूर्वी मोकळं रान होतं, लहानपणी ते बापाबरोबर मेंढरं घेऊन त्या रानात उतरायचे. कुठं बोरी होत्या, कुठं डोह होता, हे आता लिफ्टच्या खड्ड्याकडे बोट करून दाखवायचे. तिथं वर नवीन बसलं होतं, दुकानदाराच्या हिशेबाने ते रान गेलंच. पण तो आबांचा फोटो पुसल्यापासून मी त्या कॅमेऱ्याने एकही फोटो काढला नव्हता. मनच झालं नव्हतं. म्हणजे आबांच्या त्या फोटोवर काहीच बसलेलं नव्हतं.

फोटो यायला लागले. क्रम नाही, काही अर्धेच, काहींवर करड्या पट्ट्या. आई बोट लावून ओळखू लागली. "ही कानतुटी. ही तिची पाठ. ही काळतोंडी, बग कशी बगती, सदाची आगाऊ." दुकानदार काचेवरची बोटं पुसत होते, आई ती पुन्हा उमटवत होती. इतक्या महिन्यांत मी तिला हसताना पाहिलं नव्हतं.

आणि मग तो आला. खालचा भाग करडा, पण वरचं सगळं स्वच्छ. आबांचा फेटा सुटून खांद्यावर आलेला, दोन्ही हात म्हातारीच्या गळ्यात, तोंड लोकरीत बुडालेलं.

आई बराच वेळ बघत राहिली. मग वळली. मला वाटलं, आता मला म्हणेल, सांग त्यांना.

"मला हाक का नाय मारली तुमी?" ती म्हणाली. सरळ त्यांना.

आबा दारातून वळले नाहीत. "दार लावलं व्हतंस तू."

"मग? वाजवायचं."

"हात उचलला व्हता," आबा म्हणाले. "मग म्हटलं, दोघं रडाया लागलो तर टरक जायचा नाय."

मला रडू फुटलं. त्या दोघांना नाही, मलाच. आईने तिच्या पदराने माझं तोंड पुसलं, त्याच पदराने, ज्याला अजून हळद होती.

परतताना रिक्षात मी पुढे ड्रायव्हरशेजारी बसले, ती दोघं मागे. म्हातारीने त्या वेळी काय केलं, हलली का, ओरडली का, असं आई विचारत होती. आबा सांगत होते, नाय हलली, गपगार उभी ऱ्हायली. पुढचं मला रिक्षाच्या आवाजात ऐकू आलं नाही. हर्सूल येईपर्यंत मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही.