नाकमावशीचं कुलूप

नाकमावशीला कधी दार वाजवावं लागलं नाही. ती खोलीपाशी यायची, दोनदा नाक ओढायची आणि बाहेरूनच जाहीर करायची, "कांदा झाला, तेल झालं, अन् मीठ टाकाले विसरल्या पोट्ट्या!" मिठाचा वास कसा येतो, हे आम्हाला चार वर्षांत कळलं नाही. पण दार उघडलं की खाटेखाली कॉइलची शेगडी असायची, शेगडीवर पोहे असायचे आणि ते खरोखर अळणी असायचे.

नागपुरात अमरावती रोडच्या अंगाला आमचं मुलींचं वसतिगृह होतं, तीन मजली. मावशी तिथली परिचर, तीही कंत्राटी. खोलीत शेगडी नको, पाणी तापवायचा रॉड नको, मेणबत्ती नको, एका प्लगात तीन वायरी नकोत, असे एकवीस नियम ऑफिसच्या भिंतीवर लावलेले होते. ते लिहिले होते रेक्टर मॅडमनी. लिहून झाल्यावर मॅडमनी त्यांच्याकडे परत पाहिलं असेल असं मला वाटत नाही. पाळून घ्यायचं काम मावशीचं, आणि ते ती असं करायची की आमचं तिच्याशी सात जन्मांचं वैर असावं.

पकडलेली वस्तू ती ऑफिसात जमा करत नसे. गेटजवळ तिचं स्टूल होतं, त्याच्या वरच्या भिंतीतल्या खिळ्यांना ती सगळा ऐवज टांगायची आणि प्रत्येकावर खडूने खोली नंबर घालायची. रविवारी घरचे भेटायला आले की आधी ते प्रदर्शन पाहायचे, मग पोरीला. माझे बाबा विजेच्या खात्यात लाइनमन. त्यांच्यासमोर तिने माझी किटली खिळ्यावरून काढली, वायरीचं सोललेलं टोक दाखवलं आणि म्हणाली, "पोरगी हुशार हाय जी तुमची. पन घरी काही शिकवलं नाही वाटते." बाबा ते टोक बोटांनी चाचपत राहिले आणि चहाही न घेता परत गेले. त्याच दिवशी मी ठरवलं की या बाईला धडा शिकवायचा. मी विसरणाऱ्यातली नाही, तेव्हाही नव्हते.

तसा मावशीचा आमच्यावर जीव होता, नाही असं नाही. माझ्या खोलीतल्या सुषमाला डेंगू झाला तेव्हा धंतोलीतल्या दवाखान्यात तीच चार दिवस बसून होती. सुषमाचे आईवडील गडचिरोलीहून पोचेपर्यंत तिने तिला पेजेखेरीज काही दिलं नाही आणि नर्सलाही दटावून ठेवलं. पाचव्या दिवशी परत आली ती तडक आमच्या खोलीत. कपाटामागे हात घातला आणि सुषमाची शेगडी बाहेर काढली. "तापात बडबडली थे," एवढंच म्हणाली. आता अशा बाईवर प्रेम करावं की तिचा गळा धरावा?

पण आमच्या रागाचं खरं ठिकाण होतं मागचं दार. मागच्या जिन्याच्या तळाशी लोखंडी दार होतं, आणि तिथून एकदा कोणी मुलगी बाहेर गेली म्हणून मॅडमनी त्याला कायमचं कुलूप घालायला लावलं. आतून कडी, कडीत हे एवढं कुलूप, चावी मावशीच्या गळ्यात. त्या दारातून मेसला जायला दोन मिनिटं लागायची; आता इमारतीला वळसा. आम्ही तिला हातापाया पडून सांगितलं. ती म्हणाली, "मॅडमचा आर्डर हाय. अन् कुलपाले हात लावला तं हात मोडीन." हात लावायची कोणाची छाती झाली नाही. दोन वर्षांत एकीनेही ते कुलूप साधं ओढून पाहिलं नाही.

माझा बेत मी डिसेंबरात अमलात आणला. रोज थंड पाण्याने आंघोळ चालू होती. शेगडी ओळखू येते कारण अन्नाला वास असतो. पाण्याला कुठला वास? सीताबर्डीवरून नवा रॉड आणला. खोलीत झडती होते म्हणून पहिल्या मजल्यावरच्या, मोठ्या जिन्याला लागून असलेल्या इस्त्रीच्या खोलीत प्लॅस्टिकची बकेट ठेवली. रविवारी दुपारी, सगळ्या जेवून आडव्या झालेल्या असताना, रॉड लावला आणि पाच मिनिटं म्हणून तिसऱ्या मजल्यावर मैत्रिणीकडे गेले. खाली मावशी स्टुलावर बसली होती, आणि तिच्या डोक्यावर माझं पाणी तापत होतं. काय गुदगुल्या होत होत्या मला! मैत्रिणीच्या घरून चिवडा आला होता. पाच मिनिटांचा तास कधी झाला कळलं नाही.

पाणी आटलं, बकेट वितळली, टेबलावरच्या इस्त्रीच्या घोंगडीने पेट घेतला. आम्ही दार उघडलं तेव्हा मोठ्या जिन्यात पुढचं माणूस दिसत नव्हतं, इतका काळा धूर. खालून मावशी ओरडत होती, "मांगच्या जिन्यानं जा वं! मांगच्या!" आम्ही वीसेक जणी मागच्या जिन्याने धावलो आणि तळाशी येऊन एकमेकींवर आदळलो. समोर कुलूप. कोणी रडायला लागली, कोणी लाथा घालायला लागली, मागून रेटा येतच होता. मी सगळ्यात पुढे होते. माझ्या हातात दुसरं काही नव्हतं म्हणून मी ते कुलूप धरून खाली ओढलं, आणि ते आलं. तुटलं नाही. कडीत नुसतं अडकवलेलं होतं, दाबलेलंच नव्हतं.

आम्ही सगळ्या अंगणात उभ्या होतो, एकीला खरचटलंही नव्हतं. आत मावशीने मेन स्विच पाडला होता, ओली पोती आणि वाळूच्या बकेटी घेऊन एकटीने ती खोली विझवली होती. बंबवाले आले तेव्हा त्यांना राखच भिजवायची होती. मावशीचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला.

तीन दिवसांनी मॅडमच्या ऑफिसात चौकशी बसली. मॅडम, दोन प्राध्यापक, भिंतीला लागून आम्ही मुली आणि मधोमध पट्टी बांधलेला हात घेऊन मावशी. मला वाटलं होतं तिचा सत्कार होईल. मॅडमचा पहिला प्रश्न होता, "कुलूप उघडं कसं होतं?"

"थे कधी लागलंच नव्हतं मॅडम. दोन वर्सं झाले, मी नुसतं अडकवून ठेवलं."

"म्हणजे दोन वर्षं मुलींचं मागचं दार उघडं? मी आईबापांना काय सांगू?"

"वाडीच्या गोदामात कामाले होती मी," मावशी म्हणाली. "आग लागली तवा शटर भायेरून बंद. आत तिघी बाया. चाबीवाला जेवाले गेला होता. तवापासून मायाकून कुलूप दाबल्या जात नाही." मग जरा थांबून म्हणाली, "पोट्ट्याइले भेव रायलं पायजे म्हनून लटकवलं. भेवानं कोनी ओढलं नाही. चाललं ना दोन वर्सं."

मॅडमनी ते कागदावर घेतलं नाही. त्यांनी विचारलं, "आणि रॉड कोणाचा होता?"

मावशीने आमच्या रांगेवरून नजर फिरवली. ती नजर माझ्यापाशी आली आणि तिथेच राहिली. मी फरशी पाहत होते, तरी मला ते कळत होतं. खोटं बोलणाऱ्या पोरीला जिने एकदाही सोडलं नाही ती बाई म्हणाली, "मले नाही माहीत."

त्या खोलीत मला तोंड होतं. एक वाक्य पुरलं असतं. मला वसतिगृहातून काढलं असतं, बाबांना बोलावलं असतं, वर्ष गेलं असतं कदाचित. मी गप्प बसले. दुसऱ्या दिवसापासून मावशीला कामावर येऊ नको म्हणून सांगितलं, कारण काय तर हलगर्जीपणा. आणि त्याच आठवड्यात पेपरात मॅडमचा फोटो: रेक्टरांच्या प्रसंगावधानामुळे मुली बचावल्या. आग लागो त्या प्रसंगावधानाला! त्या दुपारी मॅडम वसतिगृहात नव्हत्याच.

ते कात्रण मी जपून ठेवलं. घरं बदलली, नोकरी बदलली, लग्न झालं, कात्रण माझ्याबरोबर फिरलं. राग मी कधी शिळा होऊ दिला नाही. आणि गेल्या वर्षी बोलावणं आलं: मॅडमचा निवृत्तीनिमित्त सत्कार, माजी विद्यार्थिनी म्हणून आपण दोन शब्द बोलावेत. मी त्याच मिनिटाला हो म्हटलं.

सभागृह भरलेलं होतं. मी दोन शब्द बोलले नाही, बारा मिनिटं बोलले. कात्रण वाचून दाखवलं. कुलूप कोणी दाबलं नव्हतं ते सांगितलं, कोणाचा हात भाजला ते सांगितलं, कोणाला घरी पाठवलं तेही. मॅडम शालीचं टोक बोटाला गुंडाळत खाली पाहत राहिल्या. समोरच्या रांगेत कोणी टाळी वाजवेना. खोटं कशाला बोलू, मला फार बरं वाटलं.

मावशीचा पत्ता मी मेसच्या जुन्या स्वयंपाकिणीकडून काढला. हुडकेश्वरला दोन खोल्यांचं घर, दारात तुळस. केस पांढरे झालेले, उजव्या हाताची कातडी अजून आखडलेली. मी पेढ्यांचा डबा तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळी हकिगत तिखटमीठ लावून सांगितली. ती मन लावून ऐकत होती. मॅडमच्या शालीपाशी तर खदखदून हसली. "अजून सांग वं, तोंड कसं झालं होतं तिचं?" मी परत सांगितलं. तिने परत ऐकलं. हे सुख मी इतकी वर्षं वाट पाहून मिळवलं होतं.

मग ती डब्याची दोरी सोडता सोडता थांबली. "अन् रॉडाचं?"

"काय रॉडाचं?"

"थे बी सांगतलं ना तिथं? टॉवेल झाकून बकेट नेली तू वरतं. मी पाहून राहिली होती. म्हनलं, पाच मिनिटानं रंगेहात पकडतो. तेवढ्यात मॅडमच्या घरून फोन आला, थो आटपतच नाही."

मी दारातल्या तुळशीकडे पाहत राहिले.

"चौकशीत तुयं नाव मी काहून नाही घेतलं, माहीत हाय?" तिचा आवाज चढला नव्हता. "मले वाटलं, तू घेशीन. लाइनमनची पोरगी हाय, आता बोलन, मंग बोलन. मॅडमनं मले काढलं त्याचा राग नाही मले. थे तं काढनारच होती."

तिने दोरी पुन्हा गाठ मारून बांधली, नीट, दोनदा, आणि डबा माझ्या हातात दिला.

"ने हे. पुरं सांगून ये. मंग खाईन."

मी डबा घेऊन बाहेर आले. तो रॉड माझा होता. मागे फिरून तिला मावशी म्हणायचीही हिंमत झाली नाही. हे छापून आलं की हुडकेश्वरला जाईन, तिला वाचता येत नाही, म्हणून पहिल्या ओळीपासून मीच वाचून दाखवीन. त्यावर ती दार उघडं ठेवील की नाही, ते तिच्यावर आहे.