शून्य प्रवाहातली वर्दळ

माझी भाची वसुधा अतिवाहक धातूंवर, म्हणजे अतिथंडीत विजेला जराही न अडवणाऱ्या धातूंवर, संशोधन करते. परवा मी तिच्या प्रयोगशाळेत गेलो. अतिथंड पात्रात डोळ्यांना न दिसणारा असा धातूचा एक सांधा होता. तिने त्याची एक बाजू किंचित तापवली आणि पडद्यावरची, त्यातला प्रवाह दाखवणारी संथ रेघ थरथरू लागली.

"बिघडलं का गं?"

"नाही मामा. इलेक्ट्रॉन इकडून जातात तेवढेच तिकडून येतात, म्हणून प्रवाह शून्य. पण त्यांची ये-जा चालूच असते. माझे मार्गदर्शक सर म्हणायचे, नुसता गोंगाट आहे, सोडून दे."

तिने ऊब काढली, रेघ निवली. पुन्हा दिली, पुन्हा तीच थरथर. "ऊब दिली की दर वेळी हीच थरथर; म्हणजे हा नुसता गोंगाट नाही, इलेक्ट्रॉनांची ये-जा कशी चालते ते यातून कळतं."

सगळ्यांनी गोंगाट म्हणून टाकलेल्या आवाजाला इतके दिवस कान लावून बसायचं, तर त्यावर केवढी माया हवी! 

तिने सरांना फोन लावला. "सर," ती म्हणाली, "तो गोंगाट बोलतोय. या ना, ऐकायला."