शेवंतीची झोप

आमच्या लालबागच्या चाळीत शेवंतीचं शिलाई मशीन खोलीच्या अगदी मधोमध असायचं. मी तिची शेजारीण, त्यामुळे ठेच सगळ्यात जास्त मलाच लागायची. "अगं, खिडकीशी लाव की, उजेड तरी मिळेल," हे सांगून सांगून थकले. कारण कळायला मला फार उशीर लागला.

तिचा नवरा जगदीश घरातच हार्ट अटॅकने गेला. न्यायच्या आधी त्याला जिथे जमिनीवर ठेवलं होतं, तिथेच पुढे दहाव्यापर्यंत दिवा तेवत होता. दिवा उचलला आणि शेवंतीने त्या जागेवर मशीन आणून ठेवलं. तिथे कुणाचा पाय पडायला नको होता तिला. तेव्हापासून बाई आडवी होत नव्हती. भिंतीला टेकून बसल्या बसल्या डुलक्या काढायची. डोळे खोल गेले, ब्लाउजच्या बाह्या उलट्या लागायला लागल्या, आणि तिची मुलगी रुपाली काळजीने अर्धी झाली.

रुपालीनेच तिला योगाच्या वर्गाला ढकललं. वर्ग खाली मंडळाच्या हॉलमध्ये भरतो. शिकवायला दादरहून डोरिस मॅडम येतात. शाळेत पीटी टीचर होत्या, आता रिटायर झाल्यात, आवाज मात्र अजून मैदानावरचाच. मला साध्या ताडासनात घाम फुटतो. शेवंती बघता बघता ताठ झाली, श्वास पुरा घ्यायला लागली. पण शेवटी शवासन आलं, की चटई गुंडाळून चालती व्हायची.

एक दिवस मॅडमनी तिला दारातच गाठलं. "रोज लास्टला कुठे पळतेस गं? खरा आराम तर तोच आहे."

शेवंतीने मान खाली घातली. "मॅडम, रागावू नका. पण तुम्ही आमचे पाय दक्षिणेला करता. आमच्यात माणूस गेल्यावर तसं ठेवतात. यांना तसंच ठेवलं होतं."

मॅडमचा चेहरा पडला. हॉलच्या उत्तरेच्या भिंतीवर गणपतीचा मोठा फोटो आहे. देवाकडे कुणाचे पाय नकोत म्हणून त्यांनी मुद्दाम आमची डोकी तिकडे केली होती. बिचारी आमच्या देवाचा मान राखायला गेली, आणि आम्हाला रोज मढ्यासारखं झोपवत राहिली! आम्ही एवढ्या जणी, पण एकीच्याही लक्षात येऊ नये?

"अगं, मग बोलायचं ना!" म्हणत मॅडमनी स्वतः वाकून सगळ्या चटया फिरवल्या. डोकी पूर्वेला झाली. तरी शेवंती बसूनच.

"झोपले की हेच दिसतात मला. पांढऱ्या चादरीत," ती म्हणाली.

मॅडम तिच्या शेजारी खाली बसल्या. "माझा स्टॅनली गेला ना, तेव्हा मी त्याच्याच उशीवर झोपायची. आधी रडायची, मग झोप यायची. तू पण रड. इथे कोण हसणार नाय तुला." आणि त्या बाजूच्या चटईवर आडव्या झाल्या. "डोळे उघडेच ठेव. फक्त श्वास लांब सोड."

शेवंती हळूहळू आडवी झाली. पाणी डोळ्यांतून कानांत जात होतं, आणि तिने ते पुसलं नाही. मलाही राहवलं नाही, मीही रडून घेतलं.

मग ती रोज शवासनाला थांबायला लागली. आधी डोळे उघडे ठेवून, पुढे मिटून. आणि एका रविवारी तिने मला हाक मारली, "ये गं, मशीन खिडकीशी लावूया."

मी एक बाजू धरली. फरशीवर गंजाचे डाग पडले होते. तिने ते घासून पुसले, तिथे थोडा वेळ हात ठेवून बसली, आणि रात्री त्याच जागेवर आपली चटई अंथरली, डोकं पूर्वेला करून.

आमच्याकडे पाणी भल्या पहाटे येतं आणि लगेच जातं. नळावर शेवंती कायम पहिली. झोपच नसायची ना तिला. सोमवारी मात्र तिचा पत्ता नव्हता. मी घाबरून दार वाजवलं. रुपालीने दार उघडलं आणि तोंडावर बोट ठेवलं. आत शेवंती हातपाय पसरून चक्क घोरत होती.

मी तिची कळशी उचलली आणि आधी तिचं पाणी भरलं. माझ्या बादलीपर्यंत येईतो पाणी गेलं. जाऊ दे.