कोर्ट उठेपर्यंत

केनवडच्या बाजारात बसायच्या जागेवरून शेजारच्या कापडवाल्यानं "ए बांगडीवाली, उठ इथून!" म्हणत माझ्या थोबाडीत मारली. "आपसात मिटवून टाक," असं घरचेही म्हणाले. काहून मिटवू? मी केस मागं घेतलीच नाही. शेवटी रिसोडच्या कोर्टात त्यानं गुन्हा कबूल केला. शिक्षा झाली ती दंडाची, आणि कोर्ट उठेपर्यंत तिथंच बसून राहायची.

"एवढीच?" म्हणत माझा दीर हसला.

मी मात्र घरी गेले नाही. त्या कापडवाल्याच्या समोरच्या बाकावर दिवसभर ठाण मांडून बसले. तो चहाला उठू लागला, तर शिपाई खेकसला, "बसून राह्य!"

संध्याकाळी न्यायाधीश उठले. तो माझ्यापुढं येऊन उभा राहिला.

"आपा, आता जाऊ काय?"

मी म्हटलं, "जाय."