हीटसिंक आणि आमचा एकुलता कूलर

मला सातवा महिना लागला होता आणि घरातला एकुलता एक कूलर कॉम्प्युटरसमोर होता. यात कुणालाच काही वावगं वाटत नव्हतं, याचा मला सगळ्यात जास्त राग यायचा.

बीड बायपासच्या पलीकडं तेव्हा इमारतींवर इमारती उठत होत्या. आमची त्यातलीच एक. फ्लॅट नवा, फरशी चकचकीत, आणि नळाला पाणी नाही. सलग दोन वर्षं पावसानं दगा दिल्यावर बोअर आटला आणि टँकर यायचा तो त्याच्या मनात आलं की. अशा दिवसांत कूलर चालवणं म्हणजे घरात म्हैस पाळण्यासारखं होतं. सासूबाई भाजी धुतलेलं पाणीसुद्धा गाळून त्याच्या टाकीत ओतायच्या. त्यामुळं आमच्या हॉलमध्ये गार वारं यायचं ते मेथीचा वास घेऊन, आणि ते खायचा कॉम्प्युटर.

कॉम्प्युटर सासऱ्यांचा. वैजापूरच्या तहसील कचेरीतून निवृत्त होऊन ते शहरात आले. तिथं लोक त्यांच्या टेबलासमोर ताटकळत उभे राहायचे, इथं लिफ्टमध्ये कुणी ओळख दाखवेना. घराण्यात भिक्षुकी होतीच, तेव्हा त्यांनी पत्रिका जुळवायचं सॉफ्टवेअर घेतलं. वाढत्या वस्तीत लग्नाची मुलंमुलीही वाढत होती. बघता बघता आमच्या सोफ्यावर मुलींचे बाप बसायला लागले आणि सासऱ्यांचा आवाज पुन्हा कचेरीतल्यासारखा झाला.

मग उन्हाळा लागला आणि यंत्रानं मान टाकली. ग्रह पडद्यावर उमटायचे, गुण मोजायला सुरुवात व्हायची आणि सगळं जागच्या जागी गोठायचं. समोरच्या बापाचा चेहरा उतरायचा. त्याला वाटायचं, काहीतरी भयंकर निघालंय आणि यंत्रालाही ते सांगवत नाहीये. एका गृहस्थानं तर तेवढ्यावर स्थळ सोडलं. शेवटी सासऱ्यांनी कूलर यंत्रासमोर ठेवून बघितला, यंत्र चालायला लागलं, आणि माझं दुपारचं वारं गेलं ते गेलंच.

मी इलेक्ट्रॉनिक्सची डिप्लोमा होल्डर. लग्न ठरताना याचं फार कौतुक झालं होतं, लग्नानंतर त्यावर मिक्सर दुरुस्तीला आला. नवऱ्याकडं तक्रार केली, तर ‘तू आणि बाबा मिळून ठरवा’ असं म्हणून तो वाळूजच्या कंपनीत शिफ्टला निघून गेला. मग मीच एका दुपारी टॉर्च घेऊन कॅबिनेटच्या जाळीतून आत डोकावले. प्रोसेसरचा पंखा ठीक फिरत होता. त्याच्या खालचा, चिपसेटवरचा छोटा पंखा मात्र ढिम्म उभा होता.

चिपसेट म्हणजे मदरबोर्डवरची ती चिप, जी सगळ्यांचे निरोप इकडून तिकडं पोचवते. घरातल्या सुनेसारखीच. सगळ्यांची कामं तिच्यावरून जातात आणि ती तापली, तर विचारायला कुणी नाही. तिची उष्णता ओढून घ्यायला डोक्यावर ॲल्युमिनियमचा दातेरी ठोकळा बसवतात, तो हीटसिंक. आमच्या ठोकळ्यावर तो पंखा होता आणि तोच अडकला होता. पैठण गेटजवळच्या दुकानात मी तसाच पंखा मागितला. दुकानदार भाईंनी एक भलामोठा, बिनपंख्याचा हीटसिंक काउंटरवर ठेवला. म्हणाले, ‘ये लगाओ भाभी. पंखाच नही, तो अटकेगा क्या?’ मला हा माणूस फार आवडला.

सासऱ्यांना कल्पना पसंत नव्हती. चालतं यंत्र उघडू नये, असं त्यांचं मत. मी सरळ सांगितलं की हा ठोकळा बसला आणि यंत्र वाऱ्याशिवाय चाललं, तर कूलर माझ्या खोलीत जाईल. त्यांनी पंचांग उघडलं, राहूकाळ टाळून वेळ काढून दिली आणि स्वतः देखरेखीला येऊन उभे राहिले.

मला वाकता येत नव्हतं, म्हणून कॅबिनेट जेवणाच्या टेबलावर आडवं ठेवलं. सासूबाईंनी टॉर्च धरली. झाकण काढलं आणि मी बघतच राहिले. हीटसिंकच्या दातांमध्ये अक्षता भरल्या होत्या. त्यावर कुंकू होतं. आणि पंख्याच्या पात्यात झेंडूच्या वाळलेल्या पाकळ्या घट्ट अडकून बसल्या होत्या.

मी सासऱ्यांकडं पाहिलं. ते छताकडं बघत होते.

‘दसऱ्याला पूजा केली होती यंत्राची,’ ते म्हणाले.

‘अहो बाबा, पण बाहेरून करायची ना.’

‘बाहेर नुसता डबा असतो. पूजा काय डब्याची करायची?’

डिप्लोमाला हा विषय नव्हता. पण तळपायाची आग मस्तकात गेली होती आणि मी तोंड उघडणार, तेवढ्यात सासूबाईच बोलल्या. ‘म्हणजे पोरीला इतके दिवस उकडत ठेवलं, ते तुमच्या अक्षतांनी व्हय?’ सासऱ्यांचा चेहरा इतका पडला की माझं भांडण माझ्याच घशात राहिलं.

मी मुकाट्यानं कामाला लागले. बोर्ड बाहेर काढला, मागून पकडीनं खुंट्या दाबून जुना ठोकळा सोडवला. चिपची उष्णता ठोकळ्यापर्यंत पोचवणारी, आता वाळलेली पेस्ट स्पिरिटनं पुसली, त्याला सासूबाईंचा वातींचा कापूस कामी आला. मग नवी पेस्ट लावली, तांदळाच्या दाण्याएवढी. सासूबाई म्हणाल्या, ‘एवढीशीच? पानावर मीठसुद्धा याहून जास्त वाढतो आपण.’ त्यांना समजावलं की जास्त वाढली, तर ती बाहेर ओघळते आणि उष्णता आतच राहते. नव्या हीटसिंकचे पाय सरकवून भोकांवर आणले आणि स्प्रिंगचे स्क्रू आळीपाळीनं, समोरासमोरचे थोडे थोडे पिळत गेले. सासऱ्यांचं मागून ‘अजून आवळ, अजून आवळ’ चाललं होतं. चिपला तडा गेला, तर पुढच्या पत्रिका हातानं मांडाव्या लागतील, असं मी म्हटल्यावर ते दोन पावलं मागं सरकले.

कूलर बंद ठेवून यंत्र सुरू केलं. सासऱ्यांनी चाचणीसाठी स्वतःची आणि सासूबाईंची पत्रिका घातली. यंत्र कुठंही न अडखळता शेवटपर्यंत गेलं. सासऱ्यांनी आलेले गुण वाचले आणि घाईघाईनं पडदा बंद केला. सासूबाईंनी विचारलंही नाही. ‘मला माहितीय,’ एवढंच म्हणाल्या.

मग सासऱ्यांनी कूलर स्वतः ढकलत आमच्या खोलीच्या उंबऱ्यापर्यंत आणला. सुनेच्या खोलीत ते कधी पाऊल टाकत नसत, हाक मारायची असली तरी बाहेरून खाकरायचे. आत सासूबाईंनी ओढून घेतला. स्वतःच्या उद्याच्या आंघोळीसाठी राखलेली बादली सासऱ्यांनी त्यात ओतायला लावली. मी आडवी झाले, वारं अंगावर आलं आणि मला चक्क रडू आलं. इतकं सुख मला त्या उन्हाळ्यात कशानंच झालं नव्हतं.

जाग आली ती तहानेनं. हॉलमध्ये आले, तर यंत्र झकास चाललं होतं आणि सासरे त्यापुढं घामानं निथळत बसले होते. बनियन पाठीला चिकटलेलं, एका हातात माउस, दुसऱ्या हातातल्या पंचांगानं वारा घेत होते. यंत्राला लागणारं वारं इतके दिवस त्यांनाही लागत होतं, हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. आणि आमच्या एवढ्या वादावादीत ‘मलाही उकडतं’ असं ते एकदाही म्हणाले नव्हते. मी इतके दिवस जपलेला राग उभ्या उभ्या गेला, आणि तो गेल्याचाही मला राग आला.

‘बाबा, कॉम्प्युटरचं टेबल आमच्या खोलीकडं घेऊ या,’ मी म्हणाले.

ते नको नको म्हणत राहिले. शेवटी तोड निघाली. टेबल उंबऱ्यावर आडवं, कॉम्प्युटर आतल्या बाजूला, खुर्ची बाहेर. मला बाहेर यायचं झालं की सासरे टेबल सरकवणार. वारं माझ्यावरून यंत्रावर आणि यंत्रावरून सासऱ्यांवर.

संध्याकाळी नवरा शिफ्टवरून आला आणि टेबलाखालून वाकून खोलीत शिरला. कूलरच्या थेट समोर कॉम्प्युटर बघून त्यानं विचारलं, ‘हा पुन्हा कूलरसमोरच? मग तो ठोकळा कशासाठी बसवला?’

सासरे पडद्यावरची नजर न काढता उंबऱ्याबाहेरून म्हणाले, ‘सूनबाईला वारं लागावं म्हणून.’